दौलतआबा नॉट इंटरेस्टेड

“मॅडम, हा माणूस काल तीन तास एकाच जागी बसून होता.”

रिद्धीने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. नकाशावर शिंदखेडा तालुक्यातलं एक गाव होतं आणि त्या गावात एक लाल टिकली ढिम्म बसली होती.

“परवा साडेतीन तास. तेही दुसऱ्याच गावात. आणि या दोन्ही गावांत आपली एकसुद्धा लीड चालू नाही!”

लाल टिकली म्हणजे भिकनभाऊ पाटील. धुळ्याच्या या दुकानात चोवीस वर्षं सेल्समन. दुकान ठिबक, पाइप आणि पंपांचं. मालक शेठजी, मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या धुळ्यात गेल्यामुळे अहिराणी माझ्यापेक्षा फर्डी बोलतात. रिद्धी त्यांची मुलगी. पुण्याहून एमबीए करून आलेली, हुशार, आणि जरा घाईची.

आणि मी? मी जळगावची. लहान-मोठ्या धंद्यांना कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कुठलं घेऊ नये हे सांगणं, हा माझा एकोणीस वर्षांचा व्यवसाय. दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे. शेठजींना सीआरएम घ्यायचं होतं, म्हणून मी दर मंगळवारी एसटीने धुळ्याला येत होते.

सीआरएम म्हणजे काही भारी नाही. कोण गिऱ्हाईक आलं, काय विचारून गेलं, त्याला परत फोन कधी करायचा, हे सगळं सेल्समनच्या डोक्यात असतं ते कंप्युटरमध्ये आणायचं. जो विचारून गेला पण अजून घेतलं नाही, तो माणूस म्हणजे लीड. बस, एवढंच. बाकी सगळी रंगरंगोटी.

तीन सॉफ्टवेअर आम्ही पाहिली होती. पहिलं परदेशी. त्याची स्क्रीन उघडली की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटायचं. शेठजी डेमोत पाच मिनिटांत उठून गेले ते कचोरी घेऊनच परत आले. दुसरं पुण्याच्या एका कंपनीचं. चकचकीत. सेल्समन कुठे फिरतो ते नकाशावर दाखवणारं, गिऱ्हाइकाला आपोआप व्हॉट्सअॅप पाठवणारं, आणि कोण पहिला, कोण शेवटचा याची रोज यादी लावणारं. तिसरं अगदी साधं, शाळेच्या हजेरीपटासारखं दिसणारं. रिद्धी दुसऱ्यावर फिदा होती. मी म्हटलं, एक महिना ट्रायल घेऊ, फुकटच आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण पंधराच दिवसांत त्या यादीत भिकनभाऊ सगळ्यात खाली गेले. सगळ्यात वर योगेश, सव्वीस वर्षांचा, तोंडाने तिखट, पायाला भिंगरी.

“पप्पा, महिनाअखेरीला त्यांना मोकळं करू या,” रिद्धी म्हणाली. “सासुरवाडीला जाऊन झोपत असतील.”

शेठजींनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. “चोवीस वर्षं झाली गं. माझ्या जिवावर येतंय. पण तू म्हणतेस ते इथे दिसतंय, त्याला मी काय करू? मॅडम, तुम्ही बोला.”

ट्रायलची कल्पना माझी. माझ्या त्या फुकटच्या महिन्यात बावन्न वर्षांच्या माणसाची नोकरी जाणार होती, आणि बावन्नाव्या वर्षी धुळ्यात दुसरी कोण देतो?

“उद्याचा दिवस द्या,” मी म्हटलं. “मी त्यांच्याबरोबर फिरते. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा एकदा शेळ्यांमध्ये जाऊन बघते.”

रात्री धुळ्यात मावशीकडे राहिले आणि सकाळी दुकानाच्या पिकअपमध्ये भिकनभाऊंच्या शेजारी जाऊन बसले. माणूस बारीक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी का आले हे त्यांना बरोबर कळलं होतं. सोनगीर मागे पडल्यावर मीच विषय काढला.

“भाऊ, परवा तीन तास कुठे होतात?”

“दारावर.”

आमच्या खानदेशात कुणाकडे माणूस गेलं की भेटायला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. जायचं, अंगणात सतरंजीवर बसायचं, गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, नाहीतर नुसतं गप्प बसायचं. घड्याळ बघायचं नाही.

“आणि त्याच्या आदल्या दिवशी?”

“तेही दारावर. दोन घरं होती.”

“अहो, मग रिद्धीला सांगायचं ना!”

“काय सांगायचं मॅडम? दारावर जाणं हे काय काम आहे? मी पाइप विकायला गेलो असं होईल ते. मी माणूस म्हणून जातो.” मग जरा थांबून म्हणाले, “पगार कापला तरी चालेल. बोललो नाही मी काही.”

आता याला काय म्हणावं! स्वतःची बाजू मांडायचीसुद्धा या माणसाला लाज वाटत होती. मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

त्या दिवशीही एका दारावर जायचं होतं. दौलतआबा पाटील, वय ऐंशीच्या पुढे, नऊ दिवसांपूर्वी गेले. योगायोगाने हे आबा आमच्या सीआरएममध्ये होते. सहा एकराला ठिबक करायचं म्हणून ट्रायल सुरू झाली तेव्हाच विचारून गेले होते. मी भिकनभाऊंच्या मोबाइलमध्ये त्यांचं पान उघडलं. लीड बंद. कारण: नॉट इंटरेस्टेड.

“हे काय?”

“बंद करायचं तर कारण विचारतं ते. किंमत जास्त वाटली, दुसरीकडून घेतलं, नाहीतर नॉट इंटरेस्टेड. वारले असं त्यात नाहीच. मग त्यातल्या त्यात बरं ते टाकलं.”

मला हसू आवरेना. भिकनभाऊही गालात हसले, पहिल्यांदाच.

आबांच्या अंगणात पुरुषमाणसं सतरंजीवर बसली होती. मी दारात बायकांमध्ये बसले. आबांच्या थोरल्या बहीण तिथे होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. काठीसारख्या सडसडीत, कान तिखट. “या बाई कोन शेतस?” त्यांनी विचारलं. “दुकानन्या मॅडम,” भिकनभाऊ म्हणाले. चहा आला. मला पित्ताचा त्रास, मी हात जोडून नको म्हटलं.

मग मी नुसती ऐकत बसले. आबांच्या गोष्टी निघाल्या. मधूनच कुणीतरी हळू आवाजात म्हणे, “भिकनभाऊ, मना मेहुणाले पाइपलाइन करनी शे, कोनले भेटू?” आणि भिकनभाऊ म्हणत, “आज नको. आणि मला कशाला, दुकानात जा. योगेश म्हणून पोरगा आहे, चांगला आहे, त्याला भेटा.” दोन तासांत असं तीनदा झालं. तिन्ही वेळा योगेश! मी कपाळावर हात मारून घ्यायची बाकी होते.

निघायची वेळ झाली. लाल टिकली पुन्हा ढिम्म बसलेली रिद्धीला दिसत असणार, हे माझ्या डोक्यात. या भल्या माणसाचा आजचा तरी रिपोर्ट नीट जावा म्हणून मी त्यांचा मोबाइल घेतला. आबांचं पान अजून उघडंच होतं. ‘भेट संपली’ असं बटण होतं, ते मी दाबलं.

अंगणात कुठेतरी टिंग वाजलं.

आबांच्या मुलाने, राजूभाऊने, खिशातून फोन काढला. फोन आबांचा होता. तो वाचायला लागला आणि त्याचा चेहरा बदलला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपोआप जाणारं व्हॉट्सअॅप! भेट संपली की गिऱ्हाइकाला जातं. डेमोमध्ये मीच टाळ्या वाजवल्या होत्या त्याला.

“काय शे रे?” अक्कांनी विचारलं.

राजूभाऊने माझ्याकडे पाहिलं, भिकनभाऊंकडे पाहिलं, आणि मोठ्याने वाचलं. “नमस्कार दौलत पाटीलजी! आजची आमची भेट कशी वाटली? कृपया एक ते पाच स्टार द्या.”

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. भिकनभाऊंचा चेहरा पांढराफटक. चोवीस वर्षं ज्या दारांवर हा माणूस माणूस म्हणून गेला, त्या दारावर मी त्याला पाइपवाला करून ठेवलं होतं.

“अक्का, माझी चूक झाली,” मी म्हटलं. “त्यांची नाही, माझी. मी बटण दाबलं.”

अक्कांनी मला नीट न्याहाळलं. मग भाच्याला म्हणाल्या, “चार दे.”

“चारच कसाले?” राजूभाऊने विचारलं.

“या बाईसनी चहा पिधा नही. भिकननी पिधा.”

कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. आबांच्या पत्नी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून मी घाबरले, पण त्या हसत होत्या. “त्यासले जाम हसू उनं असतं आज,” त्या म्हणाल्या आणि मग मात्र त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारणीने त्यांचा हात धरला.

मी चहा मागून घेतला. गुळाचा, आलं घातलेला. पित्त गेलं खड्ड्यात. परत येताना पिकअपमध्ये मी भिकनभाऊंची दहा वेळा माफी मागितली. अकराव्या वेळी ते म्हणाले, “मॅडम, पुरे. आबांना आवडलं असतं. पण एक करा. दारावर गेल्याची नोंद त्यात करायला लावू नका.”

मी खरं तर तेच करणार होते. ‘भेटीचा प्रकार’ म्हणून एक रकाना, त्यात दारावर, लग्न, साखरपुडा. मोठ्या हुशारीने ठरवलं होतं. तो बेत मी तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिद्धीला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण म्हणाली, “मॅडम, हे मनाला पटतं. पण रिपोर्टमध्ये कसं दाखवायचं?”

प्रश्न बरोबर होता. मी ट्रायलमध्ये एकच रकाना वाढवला: ‘तुम्हाला कोणी पाठवलं?’ जो कुणी दुकानात येईल, ज्याची ऑर्डर होईल, त्याला हे विचारायचंच. भिकनभाऊंना काही सांगायचं नाही. बाकी सगळं आहे तसं.

महिनाअखेरीला आम्ही पुन्हा बसलो. रिद्धीने यादी उघडली. योगेशच्या अर्ध्याहून जास्त ऑर्डरींपुढे एकच नाव होतं, भिकनभाऊ. काउंटरवर आलेल्यांपुढेही तेच. पिंपळनेरहून आलेल्या एकाने तर ‘भिकनभाऊंच्या व्याह्यांनी’ असं सांगितलं होतं.

योगेशला बोलावलं. त्याने यादी पाहिली, कान खाजवला. “मला वाटत होतं माझं बोलणं चांगलं आहे,” तो म्हणाला. रिद्धी खळखळून हसली. शेठजींनी पुन्हा चष्मा काढला. या वेळी पुसायची गरज होती.

मग मी स्पीकरवर पुण्याच्या कंपनीला फोन लावला.

“नकाशा बंद करता येईल?”

“मॅम, तेच तर आमचं मेन फीचर आहे!”

“आणि ते आपोआप जाणारं व्हॉट्सअॅप?”

“ते तर पॅकेजमध्येच येतं, मॅम.”

“गिऱ्हाईक वारलं तर काय करायचं?”

पलीकडे कीबोर्डची खटखट झाली. “नॉट इंटरेस्टेड टाका ना, मॅम.”

रिद्धीनेच फोन ठेवला. आम्ही तिसरं घेतलं, हजेरीपटासारखं. त्यात नकाशा नाही, स्टार नाहीत, रोजची यादी नाही. रकाने आपल्याला हवे तसे घालता येतात, नको ते काढता येतात. शेठजींनी भिकनभाऊंना आत बोलावलं, दार लावून घेतलं. काय बोलले माहीत नाही. बाहेर येताना भिकनभाऊंच्या हातात अर्धी कचोरी होती आणि ती खायची कशी हे त्यांना सुचत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी रिद्धीचा फोन आला. राजूभाऊ दुकानात आले होते. सहा एकर ठिबक, आबांनी ठरवलेलं होतं तसंच, आबांनी निवडलेलाच पाइप. रिद्धीने फॉर्म भरायला घेतला आणि शेवटचा प्रश्न विचारला, तुम्हाला कोणी पाठवलं? तिला उत्तर माहीत होतं. भिकनभाऊ.

“आमच्या आबांनी,” राजूभाऊ म्हणाले. “जाण्याआधी सांगून गेले. ठिबक घेशील तर भिकनच्या दुकानातून.”

तिने आबांचं नाव टाइप केलं. जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आला होता, त्यामुळे पान लगेच उघडलं. दौलत पाटील. नॉट इंटरेस्टेड.

“मग काय केलंस?” मी विचारलं.

“खोडलं,” रिद्धी म्हणाली. “आणि मॅडम, त्या रकान्यात आबांचंच नाव ठेवलंय. भिकनभाऊ म्हणाले, माझं टाकू नका, आबांनीच पाठवलंय.”

तेव्हापासून कुठल्याही डेमोला बसले की सेल्सवाल्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. किंमत मी नंतर विचारते. आधी विचारते, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस वारला तर त्याचं काय होतं? बहुतेक जण गोंधळतात. जो जरा थांबून, “मॅडम, तुमच्याकडे काय करतात?” असं उलट विचारतो, त्याचा डेमो मी शेवटपर्यंत बघते. आणि चहा आला की नको म्हणत नाही.