ओली विहीर

त्या दुष्काळात अंबाजोगाईला ब्रश धुवायलाही पाणी मिळेना, म्हणून आमच्या चित्रकलेच्या सरांनी जलरंग बंद करून तैलरंग शिकवायला घेतले. तेव्हाच तो आमच्या रविवारच्या हौशी वर्गात आला. चाळिशीतला, पाटोद्याकडचा, गावच्या दूध सोसायटीत दूध मोजून घेणारा. ब्रश कानावर खोचायचा, त्यामुळे त्याचा एक कान कायम रंगीत असे. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानं काठोकाठ भरलेली विहीर काढली. सर म्हणाले, "निळा फार भडक झालाय. विरुद्ध रंग, म्हणजे नारिंगी, थोडा मिसळा. शांत होईल."

"न्हाई सर, पाणी गढूळ हुईल."

सरांनी कपाळाला हात लावला. "बरं, निदान हात लावू नका. वाळायला आठवडा लागेल."

त्यानं लगेच बोट लावून पाहिलं. "आठवडाभर वलं ऱ्हातंय? लई भारी! आमच्याकडं असं काहीच न्हाई."

आणि चित्र तसंच ओलं घेऊन गेला.

पुढच्या रविवारी चित्र परत आलं, तेव्हा विहिरीत पांढरा कॅनव्हास दिसत होता. त्यानं ते सोसायटीच्या भिंतीवर टांगलं होतं. दूध घालायला आलेल्या प्रत्येकानं ओल खरी आहे का, हे बोट घालून पाहिलं होतं. एका म्हशीचं शिंगसुद्धा निळं झालं म्हणे.

सर भडकले. "अहो, उद्या प्रदर्शन आहे!"

त्यानं शांतपणे सरांच्या हातातल्या निळ्या ट्यूबकडं बोट दाखवलं.

"वरडू नगा सर. तेवढा टँकर हिरीत रिकामा करा."