पऱ्हाटी नेली, मंग?

राजापेठेत आमच्या सरांची केमिस्ट्रीची शिकवणी होती. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं. आम्ही सगळे त्यांना मंगसर म्हणायचो. तुम्ही बरोबर उत्तर द्या, नाहीतर आनंदाची बातमी सांगा, सर चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "मंग?" म्हणजे, मग पुढे काय? या एका शब्दानं भल्याभल्यांची बोबडी वळायची.

एकदा शेजाऱ्यांनी एसी बसवला आणि पेढे घेऊन आले. सरांनी पेढा खाल्ला, तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाले, "घर थंडं झालं, चांगलं झालं. मंग? आतली गरमी कोनाच्या खिडकीत फेकून राहिले?" ती सरांच्याच खिडकीत येत होती. शेजारी बरेच दिवस बोलले नाहीत.

पुढे शिकवणी बंद करून सर अकोल्याला, जठारपेठेत मुलाकडे राहायला गेले. मी इंजिनिअर होऊन एका कंपनीत लागले. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करणं हे आमचं काम. कपाशी वाढताना हवेतला कार्बन ओढून घेते. वेचणी संपली की कपाशीची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, लोक उपटून पेटवतात आणि तो पुन्हा हवेत जातो. आम्ही ती पऱ्हाटी बंद भट्टीत घालून तिचा कोळसा करणार आणि शेतात पुरणार, म्हणजे कार्बन जमिनीतच राहील. माझा पहिलाच प्रकल्प, आणि गाव निघालं धामणगाव रेल्वेजवळचं, सरांचंच! सरांनी शब्द टाकला की गाव तयार, म्हणून मी जठारपेठ गाठली.

सर ऐकून लहान पोरासारखे खूश झाले. "वा व पोरी! झाडानं ओढलेलं झाडातच कोंडलं!" मग चष्मा कपाळावर गेला. "मंग? किती वर्सं राहीन तो जमिनीत?"

"शेकडो वर्षं, सर."

"पाह्याले कोन येईन? तू?"

कोळशाची भुकटी नाकात गेली तर काय, ट्रॅक्टरचा धूर हिशोबात धरला का, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "चाल, गावातच जाऊन पाहू."

गावात ते पारावर टेकलेसुद्धा नाहीत. सरळ घरांच्या मागच्या बाजूला गेले. तिथे प्रत्येक घरामागे पऱ्हाटीचा ढीग रचलेला. शेवंताबाई चुलीवर पाणी तापवत होती. तिला शेत नाही. वेचणीनंतर दुसऱ्यांच्या वावरातली पऱ्हाटी फुकट आणायची, त्यावर वर्षभर चूल. सिलिंडर होतं, पण ते पाहुणे आले की. सरांनी तिला भट्टीचं समजावून सांगितलं.

"चांगलं हाये जी," ती म्हणाली. "पन पऱ्हाटी नेल्यावर मी पानी कायवर तापवू? तुमच्या डोस्क्यावर?"

सर खो खो हसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मंग?"

मी भडकले. "सर, सगळं जग तापून राहिलं अन् तुम्ही एका चुलीचं घेऊन बसले!"

"त्या जगात शेवंता येते का नाही, सांग. अन् ती काय उपाशी बसन? नाल्यावरच्या बाभळी तोडन. तू कार्बन समोरच्या दारानं काढला, तो मागच्या दारानं आत आला. हे धरलं का तुमी?"

नव्हतं धरलं. शेतात पेटवलेली पऱ्हाटी पाहून आम्ही तिला टाकाऊ म्हणून मोकळे झालो होतो. घरामागची कोणी पाहिलीच नव्हती.

सरांना प्रकल्प मोडायचा नव्हता. गावाच्या सभेत त्यांनीच सांगितलं, "आधी बायांच्या इंधनाची पऱ्हाटी बाजूले काढा, उरन ते भट्टीत." कोळसा अगदीच थोडा निघाला. कंपनीतल्या साहेबांनी मला असं फैलावर घेतलं की नोकरी राहते की जाते, असं झालं. सरांचा फार राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तो पहिला कोळसा तोंडाला दुपट्टा बांधून, पाणी शिंपडून सरांनी स्वतःच्या वावरात टाकला. अर्धं वावर मात्र तसंच ठेवलं. "फरक पडला त दिसन, नाही पडला तरी दिसन."

तो फरक पाहायला सर राहिले नाहीत. कपाशी गुडघ्याएवढी झाली आणि सर गेले.

तेरवीला मी सरांच्या गावी गेले. त्याच आठवड्यात साहेबांनी सांगितलं होतं की औंदा भट्टी मोठी आहे, सगळी पऱ्हाटी उचला, बायांचा वाटा बंद. मी कोणाला काही बोलले नव्हते. सरांच्या घराच्या मागच्या अंगणात शेवंताबाई चुलीशी बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि इतका वेळ आवरलेलं रडू आलं. तिनं मला रडू दिलं.

"सर त गेले," ती म्हणाली. "आता तुमाले कोन इचारन व?"

"तूच विचार," मी म्हटलं.

तिनं पदराला हात पुसले, एक पऱ्हाटी मोडून चुलीत सारली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंग? औंदा आमची पऱ्हाटी सोडून राहिले का नाही?"

मी डोळे पुसले आणि तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला.