झाड आडवं येतंय

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि कॉलेजात मी जे लिहायला शिकलो ते प्रयोगवहीपुरतं. उद्देश, कृती, निष्कर्ष. तेव्हा तुमचा वेळ घेऊन स्वतःबद्दल काही सांगावं एवढी माझी लायकी आहे का, याची मलाच शंका आहे. तरी लिहितो. ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही, खोलीवरच्या मित्रांना नाही, कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून बहुधा तुम्हाला सांगता येईल.

सुरुवात कामापासून करतो. कामाबद्दल बोलायला मला जड जात नाही.

सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका कंपनीत प्रशिक्षणाला होतो. मोबाईलचे टॉवर कुठे उभे करायचे, याचा आराखडा ती कंपनी करून द्यायची. ऑफिसात संगणकावर नकाशा असतो. रेंज कुठे पोचते आणि कुठे नाही, ते रंगांत दिसतं. जिथे पोचत नाही तिथे एक वर्तुळ काढतात. मग आमच्यासारख्यांनी त्या गावात जायचं आणि वर्तुळातल्या तीन जागा निवडून आणायच्या. रस्ता किती लांब, विजेचा खांब कुठे, मालक कोण, तिथून शेजारचा टॉवर दिसतो का, हे सगळं बघायचं.

तीन जागा फक्त दाखवायच्या असतात. पहिली जागा बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते. पण तीन दाखवल्याशिवाय वरून मंजुरी येत नाही, म्हणून उरलेल्या दोन भरतीला घ्यायच्या. ऑफिसात त्यांना ‘डमी’ म्हणत. डमीच्या मालकाला हे कधी सांगत नाहीत. त्याच्या रानात टेप धरायची, फोटो काढायचे, त्याचा चहा प्यायचा आणि ‘कळवतो’ म्हणून निघायचं. ही पद्धत मी सुरू केलेली नाही. पण तिच्याआड लपायचं म्हणूनही हे सांगत नाही. हे ठाऊक नसेल तर पुढचं कळायचं नाही.

लोणंदच्या बाजूचं एक गाव. नाव देत नाही. पहिली जागा तीन भावांच्या मालकीच्या माळावर ठरलेली होती. दुसरी बघायला आम्ही गावाबाहेरच्या एका वस्तीवर गाडी नेली. आम्ही म्हणजे मी, गाडीचा ड्रायव्हर आणि केतकी मॅडम. मॅडम पुण्याच्या, आराखडा त्या करायच्या. वस्तीकडे गाडी वळली तेव्हाच मला कळलं — हे रान मला माहीत आहे.

आम्ही जतकडचे. माझे वडील मेंढरं राखतात. दिवाळीनंतर आमच्याकडचा चारा संपला की कळप घेऊन ते इकडे येतात आणि शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात. रानाला लेंडीखत मिळतं, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. या वस्तीवर त्यांचा मुक्काम दरवर्षीचा. शाळेत घालण्याआधी मीही त्यांच्याबरोबर असायचो. मॅडमना मात्र मी सांगितलं होतं, की आमची कवठे महांकाळला द्राक्षबाग आहे. का सांगितलं? त्यांनी सहज विचारलं, वडील काय करतात, आणि माझ्या तोंडून बाग निघून गेली.

पत्र्याचं घर होतं. पुढे अंगण, अंगणाच्या कडेला मोठा कडुलिंब, आणि त्याच्या सावलीत बाजेवर एक बाई पडलेली. त्या काकू. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. घराचा पत्रा तापतो, म्हणून उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत त्या झाडाखाली असायच्या. घरातून त्यांचे यजमान, अण्णा, बाहेर आले. फौजेतून निवृत्त झालेले. माझे वडीलही त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

“आरं, तू भिवाचा न्हवं का? धाकटा?” मी काही बोलायच्या आत ते मॅडमकडे वळले. “मॅडम, ह्यो आमच्या रानात कोकरू काखंत मारून उघडा हिंडायचा बगा. एकदा तर मेंढराची लेंडी खाल्ली गड्यानं, चणं समजून! आमच्या हिनं तोंडात बोट घालून काढली. आन् आता बगा, सायेब झाला!”

ड्रायव्हर पोट धरून हसला. मॅडमही हसल्या — वाईट नाही, मोकळं हसल्या. बाजेवरच्या काकूंनी चांगला हात जरासा उचलला. अण्णा थट्टा करत नव्हते. त्यांना माझं कौतुक वाटत होतं. हे मला नंतर समजलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. मला त्याच वेळी समजत होतं.

परत जाताना ड्रायव्हर आरशातून म्हणाला, “काय सायेब, द्राक्षं गोड हुती का मग?” मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी मला पुन्हा कधी बागेबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं का? कोण जाणे. ते ‘द्राक्षं गोड हुती का’ मात्र मी कित्येक दिवस मनात घोळवलं. ड्रायव्हरचा राग यायला हवा होता. आला तो अण्णांचा.

त्यानंतर मोजमापाला मी एकटाच गेलो. अण्णांनी बळंच जेवायला बसवलं. भाकरी, वांग्याचं कालवण, फोडलेला कांदा. जेवताना ते मुलाबद्दल बोलत होते. मुलगा फौजेत, सरहद्दीकडे. पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय वस्तीवर फोन लागत नाही. “मी चढतो रं टाकीवर. पर हिला कशी चढवायची? वाचा गेलीया, बोलायला येत न्हाई, निदान पोराचं तोंड तरी दिसलं पायजे म्हून झुरती.” मग म्हणाले, “टॉवर हितं हुईल न्हवं?”

होणार नव्हता. त्यांची जागा डमी होती, मला माहीत होतं. आणि होणार असता तरी तो कुठे उभा राहिला असता, तेही मला माहीत होतं, कारण नकाशा मीच काढत होतो. रस्त्याकडच्या कोपऱ्यात, विजेच्या खांबालगत. झाडापासून पार लांब. कागदावर मी खोटं काहीच केलं नाही. तिथलं माझं प्रत्येक माप बरोबर आहे.

मी म्हणालो, “होईल की अण्णा. पण ते झाड आडवं येतंय.”

त्यांनी झाडाकडे बघितलं. मग बाजेकडे.

“फांद्या छाटल्या तर?”

“नाही. सिग्नल अडतो. बुंध्यातूनच काढावं लागेल.”

टॉवर कडुलिंबाच्या कितीतरी पट उंच असतो. पहिल्या वर्षाचं पोरही हे ऐकून हसेल. अण्णा हसले नाहीत. ते पहिल्यांदा माझ्याशी साहेबाशी बोलावं तसं बोलले — “आसं व्हय. बरं.” त्यांच्या तोंडचं ते ‘बरं’ ऐकून मला फार बरं वाटलं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, तोंडातून निघून गेलं असेल, पोरवय, राग. तसं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. रागात निघून गेलेला शब्द मागे घेता येतो, आणि मला तो मागे घ्यायची संधी मिळाली. खुद्द अण्णांनीच दिली.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. मी सांगलीत, ऑफिसखालच्या टपरीवर भडंग खात होतो. फोनमधून वारा ऐकू येत होता, म्हणजे ते टाकीवर चढले होते. म्हणाले, “उद्या वखारवाला येतोय करवत घिऊन. म्हणलं, एकदा इचारावं. ही रडती रं. हिनंच लावल्यालं झाड हाय. पर तू म्हणतोयस तर... तोडू न्हवं? नक्की?”

मी तोंडातलं भडंग चावत राहिलो. त्यांना वाटलं फोन तुटला. “हॅलो, हॅलो,” करत राहिले. मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. नको म्हणायला किती वेळ लागतो? नको अण्णा, गरज नाही, माझी चूक झाली — यातलं कुठलंही एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी मला कारणही विचारलं नसतं. उलट आनंदाने टाकीवरून उतरले असते.

मी म्हणालो, “तोडा. उशीर केला तर जागा दुसऱ्याला जाईल.”

हे दुसरं वाक्य मी का जोडलं? नुसतं ‘तोडा’ म्हणून चाललं असतं. काकू रडतात हे ऐकल्यावर मी ते जोडलं. पुरीच्या पुरी कबुली हीच आहे. लाज वाटली होती म्हणून केलं, असं म्हणणं सोपं आहे, पण त्या क्षणी लाजबीज काही नव्हती. एक मोठा माणूस, ज्याच्या रानात माझा बाप जमिनीवर बसून चहा पितो, तो माझ्या शब्दावर त्याच्या बायकोची सावली कापायला निघाला होता — आणि मला ते बघायचं होतं. फोन ठेवून मी उरलेलं भडंग संपवलं. वरून आणखी कांदा मागून घेतला.

बघायलाही मिळालं. दुसऱ्या एका गावाला जाताना आमची गाडी त्याच वाटेने गेली. अंगण उघडंबोडकं झालं होतं, मधे पिवळट बुंधा. काकूंची बाज दारात, अर्धी आत, अर्धी बाहेर. मॅडम म्हणाल्या, “अरे, इथे झाड होतं ना मोठं?” मी म्हणालो, “सरपणाला तोडलं असेल. या लोकांना झाडाची काही किंमत नसते.”

या लोकांना. असं मी म्हणालो.

गाडी बघून अण्णा धावत रस्त्यावर आले. हात उंच करून ओरडत होते, “सायेब, तोडलं बरं का!” मॅडमना ऐकू जाईल म्हणून मी काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हणालो, उशीर होतोय, चला. मागच्या काचेतून ते दिसले. हात अजून वरच होता.

प्रशिक्षण संपलं. परीक्षा झाली, सांगलीतच नोकरी लागली. पुढच्या दिवाळीनंतर वडील कळप घेऊन तिकडे गेले आणि तिथल्या टाकीवर चढून त्यांनी मला फोन केला. मला धडकी भरली होती. पण वडिलांच्या आवाजात अभिमान होता. “आण्णा समद्या गावाला सांगत्यात, भिवाच्या पोरानं टॉवर मंजूर केलाय म्हून. कवा येतोय रं त्यो?” मग म्हणाले, “वैनीचे लय हाल हायती. सावली सरकंल तशी आण्णा बाज वढत्यात. सकाळी घराच्या ह्या अंगाला, दुपारनं त्या अंगाला. दिसभर त्येच काम.”

मी म्हणालो, येईल टॉवर. वेळ लागतो.

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? वडिलांना सांगता आलं असतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, अण्णांच्या पायांवर घातलं असतं. मी सांगितलं नाही. तेवढ्यापुरता विषय संपला, याचंच समाधान वाटलं.

मग असं झालं, की पहिल्या जागेच्या त्या तीन भावांत वाटणीवरून जुंपली आणि प्रकरण कोर्टात गेलं. कंपनीला थांबता येत नव्हतं. केतकी मॅडमचा मेसेज आला — तुझी डमी लागली! टॉवर अण्णांच्या रानात मंजूर झाला होता. मला काय वाटलं सांगू? मी सुटलो, असं वाटलं. माझं खोटं आपोआप खरं झालं होतं. त्या दिवशी मी खोलीवर पेढे नेले. कशाचे, असं मित्रांनी विचारलं. कामाचे, म्हणालो.

नकाशा माझाच होता. टॉवर त्याच नकाशाप्रमाणे, झाडापासून लांब उभा राहणार, हे मला कळायला हवं होतं. पेढे खाताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

या वर्षी वडील पुन्हा तिकडे गेले. त्यांचा फोन आला तेव्हा आधी नेहमीसारखंच बोलले. टॉवर बघितला म्हणाले, लय उंच हाय. पार रस्त्याकडच्या कोपऱ्यात, खांबापाशी. आता फोन घरात वाजतो. पोराचं तोंड दिसतं, वैनी बघत पडून असती. अण्णांकडे चहा झाला, सगळं झालं. मग म्हणाले,

“पर आण्णा म्हनलं, भिवा, आजपासनं आमच्या रानात मेंढरं बसवू नगंस. आता कळप घिऊन रस्त्याच्या कडंला बसलोय. इचारलं मी, आण्णा, माजं काय चुकलं का? तर लिंबाच्या खोडाकडं बगत हुतं, मग त्या कोपऱ्याकडं बगितलं. तुजं काय न्हाई, म्हनलं.”