घरमालकाचा अंगठा

आमचे हे गेल्या पंधरा वर्षांत एकतीस वेळा मेले, आणि दर वेळी घरी येऊन दोन्ही वेळचं एकदम जेवले. मरायचं असेल त्या दिवशी सकाळपासून ते पोटात काही जाऊ देत नाहीत. भरलं पोट श्वासाबरोबर वरखाली होतं आणि कॅमेऱ्याला ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

तसे ते चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकाला भिंतीवरचा तक्ता वाचायला लावायचा. पण कुठल्या मालिकेत प्रेत हवं असलं की ह्यांना फोन येतो. बुडालेला, जिन्यावरून पडलेला, विष प्यायलेला, सांगाल तसा. आणि काम एकदम चोख. मेलेल्या माणसाची पावलं बाहेरच्या बाजूला कलंडतात, जिवंत माणूस ती नकळत उभी धरतो, हे लग्नानंतर आठवड्याभरात त्यांनी मला शिकवलं. नव्या नवरीला काय काय ऐकावं लागतं बघा. घरी ते फरशीवर आडवे होऊन, छातीवर कागदाचा कपटा ठेवून सराव करतात, आणि मी त्यांच्या कडेकडेनं केर काढते. मी माझ्या नाकावर माशी बसू देत नाही. ह्यांच्या नाकावर खरोखरची माशी बसली तरी हे तिला हाकलत नाहीत. असा आमचा जोडा.

पडद्यावर कधी नाव झळकलं नाही, कधी एक वाक्य बोलायला मिळालं नाही, ह्याचं त्यांना काही नाही. त्याचं दुःख मी करते. त्यांचा अभिमान एकाच गोष्टीचा: "पंधरा वर्षांत मी एकदाही हललो नाही." आठवड्यातून दोनदा तरी हे आम्हाला ऐकवलं जायचं, आणि आम्ही मान डोलवायचो.

मग आली ती भुताची मालिका. तिचं नाव मी घेत नाही, कारण घेतलं की आमच्या धाकट्या जाऊबाई घरातले सगळे दिवे लावतात. एका जुन्या इमारतीतले भाडेकरू एकेक करून नाहीसे होतात आणि कोण करतंय ते कळत नाही, अशी गोष्ट. चौदाव्या भागात जिन्याखालच्या कपाटात घरमालकाचं प्रेत सापडतं. तो घरमालक म्हणजे आमचे हे.

तो भाग बघायला संध्याकाळी आम्ही चौघं बसलो. हे, मी, दीर आणि जाऊबाई. जाऊबाईंनी तोंडासमोर उशी धरली होती आणि उशीच्या वरून सगळं बघत होत्या. कपाटाचं दार करकरलं. आत पांढरी चादर, चादरीखालून आलेली दोन निळसर पावलं. कॅमेरा पावलांच्या जवळ जवळ गेला. आणि डाव्या पायाचा अंगठा हलला.

"दादा, हललास की," दीर म्हणाले.

रिमोट घेऊन ह्यांनी तेवढाच भाग मागे नेऊन पाहिला. चार वेळा पाहिला. चारही वेळा अंगठा हलला.

तोवर जाऊबाईंचा फोन खणखणायला लागला होता. त्या मालिकेच्या प्रेक्षकांचा म्हणे एक मोठा गट आहे, त्यात सगळे आपापली अक्कल पाजळतात. एक म्हणाला, घरमालक जिवंत आहे, नाडी मंद करणारं औषध घेऊन पडलाय. दुसरा म्हणाला, हा जुळा भाऊ. स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या एकानं लिहिलं की मेल्यावर काही तास स्नायू असे आखडतात, ह्यात रहस्य काही नाही. त्याला दोनशे जणांनी मिळून वेड्यात काढलं. कुणी अंगठ्याभोवती लाल गोल काढून चित्र टाकलं. एका बाईनं मोजून सांगितलं की अंगठा तीनदा हलला, म्हणजे खुनी तिसऱ्या मजल्यावर राहतो. आणि कुणा टोणग्यानं लिहिलं, "हे मढं कुठून धरून आणलं? ह्याला साधं मरता येत नाही?" जाऊबाईंनी तेही मोठ्यानं वाचलं. काही गरज होती का?

दुसऱ्या दिवशी दुकानात तोच विषय. तक्त्यावरची दुसरी ओळ ज्यांना दिसत नाही, त्यांनाही ह्यांचा अंगठा लख्ख दिसला होता. घरी ह्यांचा फरशीवरचा सराव बंद. घरातल्या घरात मोजे घालून बसायला लागले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आता मला कुणी बोलवायचं नाही. आणि बरोबरच आहे त्यांचं. हलणारं प्रेत काय कामाचं?"

मी ताटावरून उठले. कारण तो अंगठा त्यांचा नव्हताच. माझा होता.

झालं होतं असं. त्या दिवशी मी ह्यांचा डबा घेऊन चित्रीकरणाच्या जागी गेले होते, काम संपल्यावर खायला. हे गळ्यावरचा वळ पुन्हा रंगवून घ्यायला रंगपटात गेलेले. तिथली सहायक बाई घाईत आली, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "काकू, दोन मिनिटं कपाटात पडता का? नुसता प्रकाश बघायचाय." आमच्या दोघांच्या चपला एकाच मापाच्या, माझे पाय कसे आहेत ते मी वेगळं सांगत नाही. तिनं माझ्या पावलांना निळा रंग फासला आणि चादर ओढली. नुसता प्रकाश बघायचाय म्हणाली, म्हणून मी निवांत पडले. पडल्यापडल्या मला डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. दिवेवाल्यांपैकी कुणीतरी ह्यांच्या डब्याला हात लावत होता. मी उठू शकत नव्हते, बोलू शकत नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि जाता जाता अंगठ्यातून गेली असावी. तेवढंच त्यांनी टिपलं आणि तेच मालिकेत लावलं. मी माझा अंगठा टीव्हीवर बघताक्षणी ओळखला. ह्यांनी ओळखला नाही. माणूस स्वतःच्या पायांकडे कधी बघतो, आणि बायकोच्या पायांकडे तर त्याहून नाही.

तेव्हाच का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. सांगणार होते. शपथेवर सांगते, सांगणारच होते. पण तेवढ्यात दिग्दर्शकाचा फोन आला.

तो भलताच खुशीत होता. प्रेक्षकांनी अंगठा डोक्यावर घेतलाय म्हणाला. (अंगठा डोक्यावर कसा घेतात ते त्याचं त्याला माहीत.) लेखक तर सगळ्यांना सांगत सुटला होता की हे पहिल्यापासून त्याच्या डोक्यात होतं. घरमालक जिवंत निघणार असं ठरलं होतं. सोळाव्या भागात तो कपाटातून उठून बसणार आणि म्हणणार, "मी मेलो नव्हतो." एक वाक्य. पंधरा वर्षांनी ह्यांना एक वाक्य.

ह्यांची इच्छा नव्हती. "चूक केली म्हणून बक्षीस?" असं म्हणाले. मीच मागे लागले. आणि गप्प राहिले ती अशासाठी, की खरं कळलं असतं तर हा सरळमार्गी माणूस दिग्दर्शकाकडे जाऊन म्हणाला असता, काम माझ्या बायकोला द्या, पाय तिचे आहेत. मला ह्यांचं बोलणं ऐकायचं होतं. स्वार्थ माझा, आणि शिक्षा त्यांना.

मी बरोबर गेले. ह्यांना कपाटात बसवलं, दिवे लागले, दिग्दर्शक म्हणाला, "ॲक्शन."

हे गार. ॲक्शन ऐकलं की अर्धा श्वास घ्यायचा आणि तिथेच थांबायचं, ही पंधरा वर्षांची सवय. तोंड उघडं, नजर एका जागी, छाती हलायला तयार नाही. श्वासच नाही तर वाक्य कुठून येणार? दिग्दर्शकानं समजावलं, "काका, आता तुम्ही जिवंत आहात." हे मान हलवून हो म्हणाले. पुन्हा ॲक्शन, पुन्हा गार. सात वेळा झालं. सातव्या वेळी ह्यांचे ओठ खरोखरच निळे पडायला लागले, रंगाची गरज उरली नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

हे खाली मान घालून म्हणाले, "मला आता मरताही येत नाही आणि जगताही येत नाही. दुसरं कुणी बघा."

ते ऐकलं आणि मला माझी लाज वाटली. चालू दिव्यांमधून मी थेट कपाटापाशी गेले. म्हटलं, "अहो, तो अंगठा माझा होता. तुम्ही गळा रंगवायला गेला होतात. त्यांनी मला झोपवलं. डब्याला कुणी हात लावला म्हणून हलला."

सहायक बाई जमिनीकडे बघायला लागली. हे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, इतकं निरखून पहिल्यांदाच. मग पुन्हा वर बघितलं, आणि त्यांच्या छातीत एवढा मोठा श्वास भरला की शर्टाचं वरचं बटण ताणलं गेलं.

"मी हललो नव्हतो," ते म्हणाले.

आधी मला म्हणाले. मग दिग्दर्शकाकडे, दिवेवाल्यांकडे, त्या हसणाऱ्याकडे एकेकदा बघून, आवाज न चढवता, अगदी शांतपणे पुन्हा म्हणाले, "मी हललो नव्हतो." डोळ्यांत पाणी होतं. कॅमेरा कुणी बंद केलाच नव्हता. दिग्दर्शकानं पुढे येऊन ह्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं की वाक्य हेच ठेवायचं.

सोळावा भाग लागला तेव्हा गटात नुसता धुरळा. अंगावर काटा आला, असं शेकडोंनी लिहिलं. एका बाईनं लिहिलं, "म्हणजे कपाटात दुसरंच कुणीतरी होतं." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मला तिला एकदा भेटायचंय.

दिग्दर्शकाला घरमालक आता आणखी दहा भाग हवा होता, बोलता-चालता. ह्यांनी हात जोडले. म्हणाले, "मला पुढच्या भागात नीट मारा. आणि पाय दाखवा. माझे." मी घरी येऊन अशी तणतणले की विचारू नका. चालून आलेलं काम असं कुणी सोडतं? त्यावर तीन दिवस अबोला. त्यापेक्षा प्रेत बरं, ते निदान रुसत तरी नाही.

सतराव्या भागात घरमालक मेला. ह्या वेळी खराखुरा. कॅमेरा उघड्या पावलांवर पूर्ण एक मिनिट थांबला. पावलं बाहेरच्या बाजूला कलंडलेली, दोन्ही अंगठे जिथल्या तिथे. एक माशी डाव्या अंगठ्यावर येऊन बसली, चालली, उडून गेली. आम्ही घरात श्वास धरून बसलो होतो. जाऊबाई उशी धरायला विसरल्या.

भाग संपला तसे हे म्हणाले, "वाचा."

जाऊबाई वाचायला लागल्या. जिन्यावरच्या मांजराबद्दल लिहिलं होतं, नव्या भाडेकरणीच्या केसांबद्दल होतं, भिंतीवरच्या कागदाचा रंग मागच्या भागात वेगळा होता म्हणून भांडण होतं. नऊशेच्या वर लोकांनी लिहिलं होतं. हे डोळे मिटून ऐकत होते. चहा निवून गेला तरी वाचन चालूच.

शेवटी जाऊबाईंनी चाचरत सांगितलं, "भाऊजी, तुमच्याबद्दल कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

हे माझ्याकडे बघून हसले. पंधरा वर्षांत त्यांचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.