जठारपेठेतला कठडा

आत्या गेल्याचा बाबांचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीत प्रयोगशाळेत होते. माझा पहिला प्रश्न होता, ‘पडली का?’ बाबा म्हणाले, ‘नाई वं. पेपर वाचता वाचता, खुर्चीतच...’ दुःख नंतर आले. आधी हायसे वाटले. महिना उलटला, तरी या क्रमाची मला लाज वाटत नाही. आत्याला भय मरणाचे नव्हते. खाटेला खिळून दुसऱ्याच्या हाताने जगण्याचे होते.

ती अकोल्यात, जठारपेठेत एकटी राहायची. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. कानाच्या दुखण्याने तोल जाऊ लागला आणि एकदा ती अंगणात पडली, तेव्हा बाबांनी तिला अमरावतीला आणायचे ठरवले. तिने अट घातली: वाचनालयापर्यंत एकटी जाऊन आले, तर इथेच राहीन. तिची सारी भिस्त फुटपाथच्या कडेच्या लोखंडी कठड्यावर होती. लोकांनी वाटेल तिथून रस्त्यात उतरू नये म्हणून तो बसवलेला. प्रत्यक्षात त्यावर गोधड्या वाळत, संध्याकाळी कॉलेजची मुले टेकून गप्पा मारत. वाटेत गोधडी आली की आत्या हात उचलून पलीकडे ठेवायची. कुणाला बोलायची नाही.

त्या परीक्षेच्या दिवशी मी मागून चालत होते. चहाच्या दुकानासमोर, गाड्या लावता याव्यात म्हणून, कठडा कापलेला होता. तिथे ती थांबली. मी पुढे सरसावले. ‘तू मागंच राय,’ ती म्हणाली. दुकानदाराने हे पाहिले, बाकावरची गिऱ्हाइके उठवली आणि तो पाठ असलेला बाक कठड्याच्या रेषेत, त्या खिंडारात ओढून लावला.

‘या बाई. पूल झाला.’

‘डुगडुगत तर नाई न?’

‘बाक नाई डुगडुगत. तुमचं तुमी पाहा.’

आत्या हसली आणि पार झाली.

परतताना माझ्या लक्षात आले, ती कठड्याला जेमतेम दोन बोटे लावत होती. एवढ्या स्पर्शावर वजन पेलत नाही, पण शरीर कुठे आहे हे मेंदूला कळते. मी तिला हे समजावू लागले, तर म्हणाली, ‘मी धरून नाई राहिली वं. इचारून राहिली त्याले... हायेस न?’

बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. शेवटच्या संध्याकाळपर्यंत ती स्वतःच्या पायांनी वाचनालयात गेली.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे राहिलेले पुस्तक परत करायला मी अकोल्याला गेले. बाक अजूनही त्याच खिंडारात लावलेला होता.

‘आता काहून लावता?’ मी विचारले.

‘शेजारच्या काकू येतेत, गुडघेवाले गुरुजी येतेत,’ दुकानदार म्हणाला. ‘बाईनं समद्यायले सवय लावून देल्ली. माह्या गिऱ्हाइकाले गाडी लावाले जागा नाई राहिली.’ बोलता बोलता त्याने बाकाची पाठ फडक्याने पुसली.

पुस्तक काखेत धरून मी निघाले. मला आधाराची गरज नव्हती. तरी दोन बोटे कठड्यावर टेकवली... आणि वाचनालय येईपर्यंत उचलली नाहीत.