चालू सोडलेलं मशीन

चिखलीच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही सगळी भाजीवाल्या शेतकऱ्यांची पोरं. शेतात पाण्याची पाळी बदलताना मोटर बंद करायची नाही, चालू पाणी पुढच्याच्या हाती द्यायचं, हे अंगात मुरलेलं. क्लासातही आम्ही तेच केलं. आपली वेळ संपली की मशीन तसंच चालू सोडून उठायचं. मागून येणाऱ्याला पहिल्यापासून खटपट नको. सर कपाळावर हात मारून घ्यायचे. आम्हाला मात्र आपल्या समजूतदारपणाचं भारी कौतुक.

त्या दिवशी आई अमडापूरहून क्लास पाहायला आली होती. दादाचं म्हणणं, हा सगळा टाइमपास आहे, शेतात हात कमी पडतात, हिला घरी बसवा. आई म्हणाली होती, "मी आधी पाहून येतो, मंग ठरवू." वांग्यांची टोपली बाजारात शेजारणीपाशी ठेवून ती माझ्यामागं स्टुलावर पदर सावरून बसली.

मी रोजचीच कमांड दिली. पडद्यावर उत्तर आलं, कमांड नॉट फाउंड, म्हणजे अशी कमांडच नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच. युनिक्सच्या मशीनवर आपलं म्हणणं ऐकून घेणारा जो प्रोग्राम असतो, त्याला शेल म्हणतात. आमच्याकडे असे दोन होते आणि एकाची बोली दुसऱ्याला धड कळत नसे. त्यात सरांनी हौसेनं दोघांचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायच्या जागेआधी दिसणारी खूण, एकसारखा करून ठेवलेला, म्हणजे नुसतं पाहून काही कळायला नको! कोणता शेल आहे ते विचारायला मी echo $SHELL टाइप केलं. उत्तर नेहमीच्याच शेलचं आलं. मग हा हट्ट कसला?

"काऊन थांबली बाई?"

"पाहून राह्यली, आई."

मग डोक्यात उजेड पडला. ते उत्तर लॉगिन करताना मिळालेल्या शेलचं होतं. आत्ता समोर कोण आहे, हे मी विचारलंच नव्हतं. चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारं ps दिलं. नेहमीच्या शेलखाली दुसरा हजर! माझ्या आधी बसलेल्या मैत्रिणीनं तो उघडला आणि आमच्या रिवाजानं चालूच सोडून गेली. exit देऊन तो बंद केला, तशी माझी कमांड निमूट चालली. मी हसले. काही न कळता आईही हसली, आणि तेव्हा ती मला फार फार आवडली.

घरी दादानं तिला विचारलं, "तुले काय समजलं त्यातलं?"

"मशीन मले कायी नाई समजलं," आई म्हणाली. "पोरगी अडकली, पन उठली नाई. सापडेपर्यंत शोधत बसली. तिचा क्लास बंद होनार नाई."