बंद बटणातले दोनशे तीस व्होल्ट

आमच्या खानदानात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. वडील भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर. मला नोकरी चाकणलाच हवी होती, तीही मेंटेनन्समध्ये. ती मिळाली नसती, तर घरात स्थळांचा विषय निघणार हे ठरलेलं होतं.

मुलाखत मेंटेनन्सच्या साहेबांनी घेतली. कागद नाही, आकृती नाही, तोंडी प्रश्न.

"एक बल्ब, एक स्विच, घरातली लाइन. स्विच ओपन आहे. स्विचच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्टेज?"

"शून्य," मी ठोकून दिलं.

साहेबांनी माझी फाइल मिटली. "ओपन म्हणालो मी."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या घरी बटण बंद केलं की दिवा जातो. दार उघडं तर माणूस आत येतो, तसं ओपन म्हणजे चालू, असं माझ्या मनाने परस्पर धरलं होतं, आणि चालू बटणाच्या दोन टोकांत व्होल्टेज शून्यच असतं. पुस्तकात सगळं उलटं. वाट तुटली की सर्किट ओपन, जुळली की क्लोज्ड.

"सर, थांबा. तुमचं ओपन म्हणजे आमचं बंद."

"तुमचं-आमचं काय? इंजिनिअरिंग मराठीत केलंत का?"

"इंग्रजीतच केलं सर. बटणं मात्र मराठीत दाबली."

ते हसले नाहीत, पण फाइलवरचा हात काढला. "बरं, तुमचं बंद. आता सांगा."

"पूर्ण दोनशे तीस."

"करंट वाहत नाही, मग व्होल्टेज कुठून आलं?"

मी फाइलमधला एक कोरा कागद ओढला आणि त्यांच्याच पेनने त्यावर चौकोन काढला. "करंट नाही, म्हणून बल्बवर काहीच खर्च होत नाही. पण एक फेरी पूर्ण करताना लाइनचा दाब कुठेतरी खर्ची पडलाच पाहिजे. बल्बने घेतला नाही, तर सगळा इथे." मी तुटलेल्या जागेवर टिंब दिलं. "दिवा गेलाय म्हणून कुणी ही दोन टोकं दोन हातांनी धरली, तर जोराचा झटका बसेल."

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढून पाहिला.

"शॉपवर, मशिनींपाशी, ओपन, बंद, काही म्हणायचं नाही. ऑन नाहीतर ऑफ. तुमच्या एका शब्दापायी एखाद्या पोराचा हात जायचा."

"म्हणजे कधीपासून म्हणायचं नाही, सर?"

"सोमवारपासून," ते म्हणाले. "आणि पेन परत द्या माझं."